बर्म्याहून आलेली जपानी तलवार: नाव सर्वांत शेवटी वाचा

प्रश्न थोडक्यात असा: आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि युद्ध संपल्यावर बर्म्याहून एक जपानी तलवार घेऊन आले. चामड्याचं आवरण असलेलं म्यान, लष्करी मूठ. मूठ काढल्यावर आतल्या गंजलेल्या भागावर अक्षरं दिसली. जपानी जाणणाऱ्या एकाने ती 'बिशू ओसाफुने सुकेसादा' अशी वाचली, मागच्या बाजूला एइशो काळातली तारीख आहे म्हणे. पातं ६२ सेंमी, मुठीत जाणारा भाग १४ सेंमी, त्याला दोन भोकं. तलवार खरी आहे का, किंमत किती, बफ मारून चमकवून दसऱ्याला पूजेत ठेवू का, आणि संग्रहासाठी आणखी एक ऑनलाइन घेऊ का?

'खरी का' हा एक प्रश्न नाही, चार आहेत. पातं हाताने घडवलेलं पारंपरिक जपानी आहे का? कोणत्या काळातलं? त्यावरचं नाव त्याच लोहाराचं आहे का? आणि पातं आज धडधाकट आहे का? चारही उत्तरं एकमेकांपासून वेगळी निघू शकतात. चारशे वर्षांपूर्वीचं अस्सल पातं आणि त्यावर नंतर कोणी कोरलेलं खोटं नाव, हे जपानी तलवारींत अगदी नेहमीचं आहे. अशा नावाला 'गिमेई' म्हणतात. नाव खोटं ठरलं म्हणून तलवार खोटी ठरत नाही, आणि नाव नीट वाचता आलं म्हणून खरीही ठरत नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी आकार, मग मुठीतला भाग, मग पोलाद, आणि नाव सगळ्यांत शेवटी. नवखे बरोबर उलट करतात. नाव वाचून घेतात आणि मग पात्यात त्या नावाला शोभेल ते दिसायला लागतं.

लष्करी मूठ-म्यानावरून आतल्या पात्याबद्दल काहीच ठरत नाही. जपानी अधिकाऱ्यांना तलवार स्वखर्चाने घ्यावी लागे. बहुतेकांनी त्या काळी कारखान्यात तयार झालेली घेतली, काहींनी घरातलं जुनं पातं काढून त्याला नियमाप्रमाणे लष्करी मूठ-म्यान चढवलं. शरणागतीनंतर आग्नेय आशियात या सगळ्या तलवारी सरसकट गोळा झाल्या, त्यामुळे हिंदी पलटणींतल्या लोकांच्या हाती दोन्ही प्रकार आले. यातला एक प्रकार लगेच बाजूला काढता येतो. मूठ ओतीव धातूची असेल, कापडी पट्टीची वीण धातूतच ओतून वर रंग दिला असेल आणि पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असेल, तर ती हवालदार-जमादार दर्जाच्या शिपायांना सरकारने दिलेली, यंत्रावर बनवलेली तलवार. तिच्याही नकला आज ढिगाने मिळतात. तुमची मूठ खुंटी काढून निघाली आणि आत अक्षरं आहेत, म्हणजे ती या गटातली नाही.

आता मोजमापं. लांबी मोजताना टोकापासून पात्याच्या पाठीवर जिथे खाच आहे तिथपर्यंत सरळ रेघेत मोजायची, वाक धरून नाही. मुठीतला भाग त्यात धरायचा नाही. जुनं माप शाकू, म्हणजे ३०.३ सेंमी. दोन शाकूंच्या वर, म्हणजे ६०.६ सेंमीपेक्षा जास्त असेल तर लांब तलवार, म्हणजे काताना किंवा ताची; एक ते दोन शाकू वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार; त्याखाली तांतो, म्हणजे खंजीर. तुमचं ६२ सेंमी पातं काताना आहे, पण आखूड. आणि इथेच तुमची माहिती रंजक होते. एइशो म्हणजे १५०४ ते १५२१. त्या काळात एका हाताने चालवायच्या तलवारी बनत. पातं साधारण ६० ते ६५ सेंमी, वाक टोकाच्या दिशेला जास्त, आणि मुठीतला भाग आखूड, कारण मूठच एका हाताची. तुमचे १४ सेंमी त्यात बसतात. सतराव्या शतकातलं पातं असतं तर साधारण ७० सेंमीच्या आसपास, वाक कमी आणि मुठीतला भाग बराच लांब निघाला असता. म्हणजे तारीख आणि आकार निदान भांडत तरी नाहीत. वाक कुठे जास्त आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते बघा: पात्याच्या टोकापासून पाठीच्या खाचेपर्यंत दोरा ताणून धरा आणि दोरा व पाठ यांतलं अंतर कुठे सर्वांत जास्त भरतं ते मोजा.

मुठीतल्या भागाला 'नाकागो' म्हणतात. सगळं पातं पुन्हा पुन्हा घासलं जातं, नाकागोला मात्र लोहारानंतर कोणी हात लावत नाही, किंवा लावू नये. म्हणून जाणकार पात्याआधी इथे वेळ घालवतात. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, दहापट भिंग घेऊन बसा. पहिली गोष्ट गंजाचा रंग. पाचशे वर्षांचा गंज काळपट तपकिरी, घट्ट आणि बोटाला गुळगुळीत लागतो. घासला तरी बोटाला रंग येत नाही. नारिंगी, भुकटीसारखा, सगळीकडे सारखाच खड्डेदार गंज म्हणजे आम्लाने आणलेलं म्हातारपण. दुसऱ्या महायुद्धातल्या पात्यांचा नाकागो करडा असतो, अधूनमधून उघडं पोलाद चमकतं. त्यानंतर कानशीच्या रेघा. प्रत्येक घराण्याची कानस मारायची दिशा ठरलेली असते. ओसाफुने गावच्या त्या काळच्या पात्यांत रेघा सहसा एका बाजूला किंचित उतरत्या दिसतात. गंजाखाली त्या पुसट दिसायला हव्यात, गंजावरून नाही. कानस गंजाला कापून गेली असेल तर कोणीतरी नंतर हात मारला आहे.

मग अक्षरं. छिन्नीने कोरताना पोलाद बाजूला सरकून रेघेच्या काठावर बारीक उंचवटा येतो. जुन्या अक्षरांत तो झिजून मऊ होतो आणि रेघेच्या तळाचा गंज आजूबाजूच्या गंजाइतकाच काळा असतो. काठ धारदार आणि तळ फिकट किंवा लालसर, तर अक्षर गंजाच्या नंतर आलेलं आहे. अक्षरं कोणत्या बाजूला आहेत तेही बघा. टोक वर आणि धार डावीकडे धरली की तुमच्याकडे असलेली बाजू ही तलवार कमरेला लावल्यावर बाहेर दिसणारी बाजू. तुमच्या तलवारीत नाव इथे आणि तारीख मागच्या बाजूला असायला हवी. कमरेला धार खाली करून लटकवायच्या ताचीवर नाव उलट बाजूला असतं. हिझेन प्रांतातल्या तादायोशी या लोहार घराण्याने मात्र कातानांवरही ताचीच्या बाजूला नाव कोरलं, म्हणून हा नियम सगळ्यांना लावू नये.

दोन भोकांचं कोडं फारसं अवघड नसावं. एक भोक जरा ओबडधोबड आणि आतून काळं असेल, दुसरं अगदी गोल, काठ स्वच्छ, आतून उजळ असेल, तर पहिलं मूळचं आणि दुसरं लष्करी मूठ बसवताना १९४० च्या सुमारास पाडलेलं. यात वाईट काही नाही. खरी चिंता वेगळ्या ठिकाणी असते: नाकागोचं खालचं टोक. जुनी लांब ताची आखूड करताना ती खालून, म्हणजे नाकागोकडून कापत, पात्याच्या टोकाकडून नाही. त्यात नाव अर्धं किंवा पूर्ण जाई. तुमच्या पात्याचं टोक गोलसर आणि नाव पूर्ण असेल तर ते कापलेलं नाही. टोक सपाट कापलेलं, तरीही ऐन मध्यावर सुरेख पूर्ण नाव, अशी जोडी दिसली की माझी पहिली शंका नावावर जाते.

नाकागोवर 'शोवा' किंवा 'सेकी' असा छोटा ठसा असेल तर पातं पारंपरिक पद्धतीचं नाही. कारखान्यातल्या पोलादाचं, आणि त्याला बहुधा तेलात 'पाणी दिलेलं', म्हणजे तापवून पाण्याऐवजी तेलात बुडवून कडक केलेलं. छोट्या ताऱ्याचा ठसा असेल तर उलट, ते लष्कराने मान्यता दिलेल्या लोहाराने पारंपरिक पोलादातून घडवलेलं. युद्धकाळातलं म्हणजे सगळं टाकाऊ, असं समजू नका. तोक्योच्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ ते १९४५ दरम्यान लोहारांनी घडवलेली पाती आज मानाने घेतली जातात.

आता पोलाद. तुमचं पातं मळकट असेल तर यातलं थोडंच दिसेल, तरी बघा. खोलीत एकच प्रखर दिवा ठेवा, पातं दिव्याच्या दिशेने तिरपं धरा आणि हळूहळू कलवत राहा. धारेलगत जी पांढुरकी सीमा दिसते तिला 'हामोन' म्हणतात; धारेला दिलेल्या पाण्याची ती खूण. खऱ्या हामोनची कड प्रकाशात धुक्यासारखी उजळते, त्यात कुठे सुटे चमकते कण दिसतात, आणि कोन बदलला की ती बदलते. आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली खोटी रेघ कुठल्याही कोनातून तेवढीच पांढरी आणि तेवढीच निर्जीव राहते. बाजारातल्या चिनी नकलांत बहुधा हीच असते, वर लाकडाच्या रेषांसारखी ठसठशीत नक्षी. जपानी पोलादाची घडीची रेष इतकी ओरडत नाही, ती शोधावी लागते. तेलात पाणी दिलेल्या पात्याची कड स्वच्छ दिसते, पण त्यात कण नसतात. एइशो काळातल्या ओसाफुनेच्या पात्यांवर हामोन बहुतेकदा पायाशी रुंद उघडणाऱ्या लाटांचा असतो, काही लाटांची टोकं खेकड्याच्या नांग्यांसारखी दुभंगलेली. सरळ रेघेचा हामोनही मिळतो.

इथे आपल्याकडचा एक घातक सल्ला हमखास मिळतो. जुन्या फौलादी भारतीय तलवारीचा जौहर, म्हणजे पोलादातली नक्षी, उठवायला तेजाब फिरवतात, तसंच इथेही करा म्हणतात. जपानी पात्यावर हे केलंत तर उरलंसुरलं पॉलिश गेलं, आणि वर तुम्ही स्वतःच खोटी रेघ काढून ठेवलीत.

तब्येतीच्या बाबतीत दोन दोष जीवघेणे. हामोन टोकात शिरून पाठीकडे वळायला हवा. तो टोकाशी नुसता कडेतून बाहेर पडत असेल तर टोक तुटलं होतं आणि घासून नवीन केलं आहे. दुसरा, धारेला काटकोनात गेलेली केसासारखी भेग, 'हागिरे'. ती नुसत्या डोळ्यांना चुकते. धारेची पूर्ण लांबी भिंगाखाली घाला. हागिरे असलेल्या पात्याचं नाव कितीही मोठं असलं तरी संग्राहकाच्या लेखी ते संपलं. लांबीच्या दिशेने सुटलेला जोड किंवा छोटा फोड यांत इतकं घाबरायला नको, ते जुन्या पात्यांत असतातच. किंमत उतरते, एवढंच. आगीत सापडून पाणी उतरलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिलेलं असतं, हाही गंभीर दोष. त्याची एक खूण म्हणजे मुठीजवळच्या खाचेपासून तिरपी वर जाणारी पांढुरकी सावली. पण होरिकावा कुनिहिरो या नामवंत लोहाराच्या निर्दोष पात्यांवरही तशी सावली दिसते, तेव्हा एकट्या खुणेवर निकाल देऊ नये.

आता नाव. ओसाफुने म्हणजे जुना बिझेन प्रांत, आजचा ओकायामा. 'बिशू' हे त्याच प्रांताचं आखूड नाव. सुकेसादा हे एका माणसाचं नाव नाही. त्या गावात डझनावारी लोहारांनी ते वापरलं. युद्धाची मागणी प्रचंड होती, पाती ढिगाने बनत. 'बिशू ओसाफुने सुकेसादा' हे आखूड रूप सहसा अशा ढिगातल्या पात्यांवर असतं. खास मागणीवरून केलेल्या पात्यावर प्रांताचं पूर्ण नाव, 'तिथे राहणारा' हे शब्द आणि लोहाराचं व्यक्तिगत नाव येतं, जसं योसोझाएमोन नो जो सुकेसादा. त्या लांब नावाच्या नकला झाल्या, कारण त्यात पैसा होता. तुमच्यासारख्या आखूड नावाची नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नव्हता, म्हणून ते खरं असण्याची शक्यता चांगली आहे. 'आठवा महिना' किंवा 'दुसरा महिना' ही तारीखही तेव्हाची रूढीच. पातं बरोबर त्याच महिन्यात झालं असा अर्थ काढू नका.

म्हणजे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा अंदाज: सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, ओसाफुनेतलं, रोजच्या वापराचं अस्सल पातं. फोटो पाहिल्याशिवाय यापुढे जाणार नाही. किंमतही सांगणार नाही, कारण ती तब्येतीवर ठरते. कटू भाग असा की अशा पात्याला चांगल्या तोगिशीकडून, म्हणजे जपानी पद्धतीने तलवारी घासणाऱ्या कारागिराकडून, पूर्ण पॉलिश करायला जो खर्च येतो, तो पॉलिशनंतरच्या किमतीपेक्षा जास्त असू शकतो. तो लांबीवर दर लावतो, आणि पूर्ण कामाचा आकडा काही हजार डॉलरांत जातो.

बफ तर नाहीच. चाकाने कडा गोल होतात, टोकाजवळची सीमारेघ पुसते, हामोन वरवर नाहीसा होतो, आणि ते परत आणायला तोगिशीला आणखी पोलाद काढावं लागतं. प्रत्येक पॉलिशला पातं थोडं बारीक होतं. पाचशे वर्षांत त्याचा बराच वाटा आधीच गेलेला आहे. सँडपेपर, ब्रासो, चिंच, राख, लिंबू सगळं वर्ज्य. नाकागोवर तर कापडसुद्धा रगडू नका. गंज काढलेला नाकागो म्हणजे फाडलेला जन्मदाखला.

घरी करायचं ते इतकंच. म्यानातून काढताना धार वर ठेवा आणि पाठ म्यानाला टेकवून सरकवा. म्यान जुनं असेल तर ते चिरतं आणि खाली धरलेली बोटं कापली जातात. बांबूची खुंटी एका बाजूला निमुळती असते. बारीक टोकाकडून ढकलून काढा. मूठ डाव्या हातात धरून, पातं जवळजवळ उभं ठेवून, उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके दिले की नाकागो सुटतो. नाही सुटला तर सोडून द्या. हातोडी, तेल आत सोडणं, काही नको. पात्यावर जुनं तेल असेल तर शुद्ध अल्कोहोल आणि मऊ धुतलेलं सुती कापड, पाठीकडून धरून पुसायचं. मग पातळ खनिज तेलाचा अगदी हलका थर. चोजी तेल, म्हणजे तलवारींसाठीचं लवंगेच्या वासाचं तेल, मिळालं नाही तर शिवणयंत्राचं चालतं. खोबरेल आणि मोहरीचं नको, ती चिकट होतात. पावसाळ्यात महिन्याला एकदा बघा. उघड्या पोलादाला बोट लागलं की त्याच दिवशी पुसा, घामाचा ठसा गंजतो.

दसरा आणि खंडेनवमी: पूजा जरूर करा, पण हळदीकुंकू, अक्षता आणि झेंडू म्यानाला वाहा. पातं म्यानातच राहू द्या. ओलं फूल रात्रभर पोलादावर राहिलं तर सकाळी तिथे डाग असतो, आणि तो काढायला तोगिशीच लागतो. मुठीला लाकडाची किंवा कापडाची जुनी चिठ्ठी बांधलेली असेल तर ती काढू नका. शरणागतीच्या वेळी अनेक अधिकाऱ्यांनी स्वतःचं नाव-गाव लिहून बांधलं होतं, आणि तो कागदपत्राइतकाच पुरावा आहे.

तज्ज्ञांचा निर्णय हवा असेल तर तो जपानमधला. तिथली एनबीटीएचके ही जपानी तलवारी जतन करणारी संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. तिचे दाखले चढत्या क्रमाने होझोन, तोकुबेत्सू होझोन, जुयो आणि तोकुबेत्सू जुयो. नाव खोटं वाटलं तर दाखलाच मिळत नाही. पण भारतातून पाठवण्याआधी दोन कायदे पाहा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी मत घ्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तलवार हे शस्त्र आहे. तुमच्या जिल्ह्यात बाळगायला परवाना लागतो का ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, आयात-निर्यातीला तर कलम १० नुसार परवाना लागतोच. शिवाय जपान फक्त पारंपरिक पद्धतीची पाती नोंदवतं. कारखान्यातलं पातं तिथल्या कस्टममध्ये गेलं तर परत न येण्याची शक्यता धरून चाला.

हेच कलम तुमच्या शेवटच्या प्रश्नालाही आडवं येतं. परवान्याशिवाय ऑनलाइन मागवलेली तलवार कस्टममध्येच अडकेल. आपले लोक जपान, अमेरिका, ब्रिटनमध्ये राहतात आणि तिथे घेतात, त्यांच्यासाठी सांगतो. पहिली खरेदी काताना नको. होझोन दाखल्याची एदो काळातली वाकिझाशी घ्या. तेवढ्याच पैशांत पोलाद बरं मिळतं. दाखल्यावर नाकागोचा फोटो असतो. भोकांची जागा, कानशीच्या रेघा, गंजाचे डाग प्रत्यक्ष नाकागोशी एकेक करून जुळवा. दाखले बदलले जातात, खोटेही छापले जातात. १९८२ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या दाखल्यांना आज तेवढं वजन नाही. 'तोरोकुशो' म्हणजे जपानमधली नोंदणी. तिच्यात लांबी, वाक, भोकं आणि अक्षरं लिहिलेली असतात, अस्सलपणाची हमी नसते. तलवार देशाबाहेर जाताना ती जमा करून निर्यातीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विक्रेता तलवारीसोबत मूळ तोरोकुशोच परदेशी पाठवत असेल तर तिथेच थांबा.

जपानमधला विक्रेता 'कोतेत्सू' किंवा 'शिंकाई' अशा बड्या लोहाराच्या नावाची तलवार बिनादाखल्याची विकत असेल तर एवढंच विचारा की दाखला का नाही. तपासणीची फी त्या नावाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. नाव खरं असतं तर दाखला आधीच काढला असता.

तुमच्या पात्याबद्दल पुढे बोलायचं तर फोटो पाठवा: मूठ, गार्ड आणि मुठीजवळची तांब्याची कडी, सगळं काढून, पूर्ण पातं सरळ वरून, दोन्ही बाजू, नाकागो दोन्ही बाजू, तिरप्या खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, टोक दोन्ही बाजू, आणि खाचेजवळचा भाग. शेजारी मोजपट्टी ठेवा.